लेझरला विरजण

दही लावताना दुधाइतकंच महत्त्व विरजणाला. जगातल्या एका दणकट एक्स-रे लेझरचा फंडाही हाच आहे, हे वाचून मी तर जाम खूश झाले!

कॅलिफोर्नियातल्या ‘स्लॅक’ लॅबमध्ये २००९ साली ‘एलसीएलएस’ हा फ्री-इलेक्ट्रॉन लेझर सुरू झाला. सुसाट इलेक्ट्रॉन चुंबकांच्या रांगेतून नागमोडी पळतात, एक्स-रे सोडतात. तेच एक्स-रे इलेक्ट्रॉनांना तालात आणतात आणि प्रकाश प्रचंड वाढतो. प्रॉब्लेम सुरुवातीचा. ती होते इलेक्ट्रॉनांच्या गोंधळातून, म्हणून प्रत्येक झोतात रंगांची, म्हणजे तरंगलांबींची, वेगळीच खिचडी. ज्या संशोधकाला एकच नेमका रंग हवाय, त्याचा बहुतेक प्रकाश वाया!

इटलीत, ट्रिएस्टच्या ‘फर्मी’मध्ये दुसऱ्या लेझरचं विरजण बाहेरून लावतात. पण एलसीएलएसच्या हार्ड एक्स-रेला चालेल असं विरजण बाहेर मिळेना. मग २०१२ मध्ये स्लॅकवाल्यांनी घरचंच वापरलं. वाटेत हिऱ्याची पातळ चकती ठेवली. तिच्यातून जाताना एक नेमका रंग किंचित मागे रेंगाळतो. इलेक्ट्रॉनांना वळसा घालायला लावून तेवढाच उशीर केला, की ते त्याला गाठतात आणि पुढे तोच वाढवतात. रंगांचा पसारा ४० ते ५० पटींनी आटला!

तरी झोताची ताकद दर वेळी कमी-जास्त होतेच, कारण हे विरजणही मुळात गोंधळातूनच आलेलं. तेव्हा नुसती पॉवर वाढवून भागत नाही, बॉस. विरजण सुधारावंच लागतं.