बसलेली घडी मोडू नये

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन आठ तालुक्यांचा पालघर जिल्हा अस्तित्वात आला. सातबाऱ्याच्या माथ्यावरील जिल्ह्याचे नाव बदलले. पण तेवढ्या कारणाने कोणा खातेदाराचा गट क्रमांक बदलला नाही, की कोणाला आपले नाव नव्याने नोंदवावे लागले नाही. राज्यकारभाराला सुचलेले हे साधे शहाणपण संगणकावर आज्ञावलीची नवी आवृत्ती बसविणाऱ्यांना मात्र पुष्कळदा सुचत नाही.

विंडोज १० या प्रणालीला मिळणारे नेहमीचे साह्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. पालघरमधील कचेरी असो, शाळा असो, की बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीतील कारखान्याचे कार्यालय असो, जेथे जेथे ही प्रणाली आहे तेथे बदल अटळ आहे. सुरक्षिततेच्या दुरुस्त्या न मिळणारा संगणक वापरणे म्हणजे कडी नसलेल्या दाराआड दप्तर ठेवणे होय. तेव्हा नवी आवृत्ती हवीच. प्रश्न आहे तो वापरणाऱ्याने बसविलेल्या घडीचा.

ही घडी क्षुल्लक नव्हे. एका कारकुनाची बोटे टंकलेखन यंत्राच्या जुन्या कळफलकाला सरावलेली असतात, तर दुसऱ्याची इनस्क्रिप्टला. पत्राचा नमुना, समास, अक्षराचा आकार हे सारे एकदा ठरवून ठेवलेले असते. केळवे, सातपाटी, चिंचणी ही गावांची नावे चुकीची म्हणून तांबड्या रेघेने अधोरेखित होऊ नयेत, यासाठी ती शब्दसंग्रहात एकेक करून घातलेली असतात. इंग्रजी लिहिणाऱ्याला कळफलक आयता मिळतो. मराठी लिहिणाऱ्याला तो निवडून बसवावा लागतो. म्हणूनच घडी विस्कटली की त्याचे नुकसान अधिक होते, आणि त्या नुकसानीची नोंद कोणत्याही खर्चाच्या वहीत होत नाही.

यावर उपाय नाही असे नाही. कार्यक्रम एका जागी व वापरणाऱ्याची निवड दुसऱ्या जागी ठेवली, तर पहिला बदलताना दुसरीला धक्का लागण्याचे कारण नाही. डेबियन या मुक्त प्रणालीत वापरणाऱ्याने बदललेल्या मांडणीच्या जागी नवी मांडणी येणार असेल, तर आधी विचारणा होते आणि निराळे उत्तर न दिल्यास जुनीच कायम राहते. विंडोज ११ सुद्धा त्याच यंत्रावर रीतसर चढविल्यास धारिका आणि बहुतेक मांडणी टिकते. सारे पुसून नव्याने बसविल्यास टिकत नाही. शिवाय पुष्कळ जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. तेथे यंत्रच नवे येते आणि घडी जुन्या यंत्राबरोबर भंगारात जाते.

म्हणून कार्यालयप्रमुखांनी व मुख्याध्यापकांनी तीन गोष्टींचा आग्रह धरावा. बदलापूर्वी नमुने, शब्दसंग्रह व कळफलकाची निवड यांची प्रत काढून ठेवावी. तंत्रज्ञ काम करीत असताना तो संगणक वापरणारा कर्मचारी त्याच्या शेजारी बसावा. आणि एक महिन्याचे कामकाज नव्या यंत्रावर सुरळीत पार पडेपर्यंत जुने यंत्र हलवू नये. आज्ञावली निर्मात्याची असेल. तिच्यावर बसविलेली घडी वापरणाऱ्याच्या श्रमाची आहे, आणि ती त्याला न विचारता मोडण्याचा अधिकार कोणालाही नाही.