स्वस्तातली मर्सिडीज आणि रबराचं वय

चिकोडीहून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. त्यांच्या भाच्याला १९९६ सालची मर्सिडीज मिळते आहे, तीही नव्या छोट्या गाडीच्या निम्म्याहून कमी किमतीत. घरात दोन तट पडलेत. भाऊजी म्हणतात, असली संधी पुन्हा येणार नाही. आजी म्हणतात, पांढरा हत्ती दारात बांधू नका. "तुम्ही अर्थशास्त्र शिकवता आणि तुमच्या दारातही तसलीच गाडी उभी असते असं कळलं. तेव्हा तुम्हीच सांगा, घेऊ द्यावी का?"

दारात असते हे खरं. ती 'उभीच' असते असं आमच्या गल्लीत काहीजण म्हणतात, ते मात्र खरं नाही.

वर्गात मी घसारा शिकवतो. यंत्राची किंमत वहीत दरवर्षी थोडी थोडी खाली उतरते आणि एक दिवस ती भंगाराच्या भावाला टेकते. पण गाडीच्या सुट्या भागांना हे कुणी सांगितलेलं नसतं. अख्खी गाडी स्कूटरच्या जवळपासच्या भावात आली, तरी तिचा आरसा फुटला की तो मर्सिडीजच्याच भावाने घ्यावा लागतो. त्यामुळे अशी गाडी विकत घेणं परवडतं, राखणं परवडत नाही. म्हणून तर ती स्वस्त मिळते! भाऊजींनी एवढं ध्यानात घ्यावं. आजींनी पुढचं वाचावं.

भाच्याची गाडी बहुधा माझ्यासारखीच, म्हणजे डब्ल्यू १२४ या साच्यातली ई २२० असावी. हा साचा जर्मनीत १९८४ च्या अखेरीस आला आणि टेल्कोबरोबरच्या भागीदारीतून १९९५ पासून पुण्यात जोडला जाऊ लागला. दोन हजार दोनशे सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं इंजिन आणि दीडशे अश्वशक्ती. त्या काळी आपल्या रस्त्यांवर मारुती ८०० चं राज्य होतं आणि तिची ताकद चाळिशीच्या आतली. एवढ्यावरून काय तो अंदाज करा. आमची गाडी सात वर्षांपूर्वी सासरच्या ओळखीतल्या एका कारखानदारांकडून आली. त्यांच्या मुलांना ती नको होती आणि भंगारात घालायला त्यांचा जीव होत नव्हता.

सात वर्षांत मला एक गोष्ट पटली. या गाडीचं लोखंड म्हातारं होत नाही. इंजिनात टायमिंगसाठी पट्टा नाही, साखळी आहे. बॉडीचा पत्रा जाड. मागच्या प्रत्येक चाकाला पाच पाच दांडे आहेत, ते अजून सरळ आहेत. म्हातारं होतं ते रबर. तीस वर्षांत कुठलंही रबर कडक होतं, चिरतं, भुगा होतं, मग गाडी दोन लाख किलोमीटर पळालेली असो की शेडमध्ये झाकून ठेवलेली असो. उद्यमबागेतले आमचे मेस्त्री पहिल्याच दिवशी खालून बॅटरी मारून म्हणाले होते, "मेटल गट्टी ऐती सर, रब्बर होग्यैती." निदान इतकं अचूक करायला डॉक्टरसुद्धा चार चाचण्या लिहून देतील.

याचं घरात शिकता येण्यासारखं उदाहरण म्हणजे दारांची कुलपं. आजच्या गाडीत प्रत्येक दाराला विजेची मोटर असते. या गाडीत एकच पंप आहे, तोही मागच्या सीटखाली. तिथून बारीक नळ्या चारही दारांना, डिकीला आणि पेट्रोलच्या झाकणाला जातात. किल्ली फिरवली की पंप हवा ओढतो किंवा सोडतो, आणि नळीच्या टोकाशी असलेला रबरी पडदा कुलूप खाली-वर करतो. एक पडदा फाटला की सगळीच कुलपं सुस्तावतात. पंप घरघर करत राहतो, दमतो आणि गप्प होतो. गॅरेजवाला अशा वेळी सरळ पंप बदलायला सांगतो, आणि पंप महाग असतो. बिचाऱ्या पंपाचं मात्र बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं.

घरी काय करायचं? मागची सीट उचलायची. पंपाकडून निघणारी नळी फाट्याफाट्याला सोडवायची आणि औषधाच्या दुकानातली मोठी सिरिंज लावून दट्ट्या ओढून धरायचा. दट्ट्या मागे खेचला गेला तर ती शाखा शाबूत. सैल राहिला तर त्या शाखेत गळती. आमच्यात दट्ट्या धरायचं काम मुलीचं. "पप्पा, डावं मागचं दार गेलंय," हे तिनंच शोधून काढलं. दाराच्या आतला पुठ्ठा काढून पडदा बदलला. खर्च पंपाच्या मानाने किरकोळ. वेळ मात्र अख्खा रविवार, कारण दाराच्या प्लॅस्टिकच्या क्लिपासुद्धा तितक्याच वयाच्या असतात आणि घाई केली की तुटतात. सीटखाली पूर्वीच्या मालकांच्या नातवंडांचे खडू, एक पाच रुपयांची नोट आणि लग्नपत्रिकेचा तुकडा निघाला. पत्रिका अर्धी मराठी, अर्धी कानडी. आपल्याकडे दुसरं काय निघणार!

दांड्यांचे बुश हे काम अर्धं घरचं, अर्धं बाहेरचं. दांडा सोडवून काढणं जमतं, पण जुना बुश ठोकून काढायचा नाही. तो दाबयंत्रावरच काढावा आणि घालावा. बेळगावात फौंड्र्या आणि मशीनशॉप इतके आहेत, की मोठ्या शहरात ज्याला पत्ता शोधावा लागतो ते काम इथे दोन गल्ल्यांत होतं. नवीन बुश घातल्यावर बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उभी करून. हवेत असताना आवळला तर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि वर्षात फाटतो. हे मेस्त्रींनी मला तीनदा सांगितलं. मी आता तुम्हाला एकदा सांगतो.

भाग मागवताना नाव सांगू नका, नंबर सांगा. इंजिनाच्या भागांचे नंबर बहुधा १११ ने सुरू होतात, बॉडीचे १२४ ने. जर्मनीतले जे कारखाने मूळ कंपनीला भाग पुरवतात, तेच ते स्वतःच्या डब्यातही विकतात. चांदणी नसलेला तोच भाग बराच स्वस्त पडतो. पण बाजारात हुबेहूब डबा आणि आत भलतंच रबर असंही असतं. दांडे आणि ब्रेक यांच्या बाबतीत तरी अनोळखी दुकानातली स्वस्ताई नको.

आता गंमत सोडून बोलतो. बॉनेटखाली पेट्रोलच्या रबरी नळ्या असतात. या इंजिनात पेट्रोल दाबाने येतं आणि इंजिन बंद केल्यावरही तो दाब काही काळ राहतो. आपल्या जिल्ह्यात उसाची शेतं आणि साखर कारखाने किती, हे तुम्हाला सांगायला नको. त्याच उसाचं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये येतं. वीस टक्के मिश्रणाची विक्री २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ मध्ये देशभर ते प्रमाण गाठलं गेलं. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यात भलं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण १९९६ चं रबर या मिश्रणासाठी बनवलेलं नव्हतं. इथेनॉल जुन्या रबराला मऊ करतं, फुगवतं, शिवाय हवेतलं पाणी ओढून घेतं. नळी चिरली तर पेट्रोल तापलेल्या इंजिनावर शिंपडलं जाईल. म्हणून या नळ्या दिसायला चांगल्या असल्या तरी बदलायच्या, इथेनॉल सोसणाऱ्या घ्यायच्या, आणि क्लिपाही नव्या. दर महिन्याला सकाळी थंड इंजिनावर बॉनेट उघडून नाकाने तपासायचं. पेट्रोलचा वास हा या गाडीतला एकच वास असा आहे, की ज्याला "बघू उद्या" चालत नाही.

दुसरी गोष्ट ब्रेकची. सौभाग्यवती धारवाडच्या, माहेर कानडी. गाडी घरात आली तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती: "ब्रेकिगे कै हच्चब्याड्री." मी पाळली. ब्रेक मेस्त्रींकडेच होतात. पण ब्रेक ऑईलची तारीख माझ्या वहीत असते, आणि हे प्रत्येक घराने करावं, गाडी कुठलीही असो. हे ऑईल हवेतली ओल पितं. डॉट ४ जातीचं ताजं ऑईल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल मुरली की तीच मर्यादा १५५ च्या आसपास येते. इथल्या सपाट रस्त्यावर फरक कळणार नाही. चोर्ला घाट उतरून गोव्याला जाताना कळतो. वळणावळणाला ब्रेक दाबून चाकं तापतात, ऑईल उकळतं, त्यात बुडबुडे होतात आणि पाय जमिनीला टेकतो तरी गाडी थांबत नाही. दीडशे अश्वशक्तीची दीड टनाच्या आसपासची गाडी, मागे मुलगी आणि सासूबाई. दर दोन वर्षांनी ऑईल बदलतो. त्यात काटकसर नाही. घाटात गिअर खाली ठेवतो तो वेगळाच.

घरी अजिबात करू नये असं एक काम म्हणजे पुढची स्प्रिंग. ती दाबून बसवलेली असते आणि सुटली तर हात घेऊन जाते. तिचं विशेष अवजार लागतं, ते नसेल तर हातच लावू नये. आणि नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कुणीही, कधीही शिरायचं नाही. खाली लोखंडी स्टँड हवेत. विटांचे थर नव्हेत.

बाकी कामं सोपी. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू नये. क्षार बसतात आणि ॲल्युमिनियमचं हेड खाल्लं जातं. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं निम्मं घालावं. आपल्याला बर्फाची भीती नाही, गंजाची आहे. पावसाळ्याआधी काचेखालच्या पन्हळीतली पानं काढावीत, नाहीतर बेळगावचा पाऊस थेट पायाशी येतो.

खर्चाचं म्हणाल तर माझ्या वहीप्रमाणे वर्षाला साधारण एका पगाराइतका जातो. सगळंच बाहेर करून घेतलं असतं तर अडीच-तीन पगार गेले असते. शिवाय पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. त्याची फी २०२२ च्या एप्रिलपासून सहाशेवरून पाच हजार झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी दहा हजार. त्याआधी फिटनेस तपासणी. ही रक्कम आजींच्या हिशेबात धरा.

तेव्हा ताई, भाच्याला विसार देण्याआधी तीन गोष्टी बघायला सांगा. एक, इंजिनाच्या वायरी. त्या वर्षांतल्या या गाड्यांच्या वायरींचं वरचं आवरण उष्णतेने बिस्किटासारखं झडतं. हलकेच वाकवून बघावं. माझ्या गाडीत कारखानदारांनी तो जुडगा आधीच बदलला होता आणि पावती जपून ठेवली होती. दोन, जॅक लावायच्या जागांवरच्या टोप्या काढून आत बोट घालावं. पत्रा खरखरीत लागला तर आत गंज आहे, आणि गंजाला घरगुती उपाय नाही. तीन, टायरवरचा चार आकडी शिक्का: ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी शिक्का जुना असेल तर चारही टायरचे पैसे किमतीतून वजा करून मागावेत.

आणि त्याला रविवार मोकळा असतो का, हेही विचारा. नसेल तर आजींचं ऐका.