पदविकेवरचा ‘अर्ध्या डॉक्टर’चा शिक्का

पशुसंवर्धनाची दोन वर्षांची पदविका म्हणजे गावोगाव अर्धे डॉक्टर सोडणं, हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नको तिथे प्रतिजैविकाची सुई टोचणारे भोंदू खेड्यांत आहेतच. पण दोष पदविकेच्या माथी मारण्याआधी 1984चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा वाचावा. लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी अशा किरकोळ सेवा पदविकाधारकानं नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली द्याव्यात, अशी मुभा राज्य सरकार देऊ शकतं. म्हणजे मर्यादा आखलेली आहे. ढिलाई देखरेखीत आहे. शिकलेला माणूस काढून घेतला की ती जागा भोंदूच घेणार.

देवास जिल्ह्यातल्या कन्नौदसारख्या तालुक्यात हे नीट कळतं. गाय माजावर येते ती जेमतेम 12 ते 18 तास. सकाळी माज दिसला तर संध्याकाळपर्यंत कृत्रिम रेतन व्हायला हवं. वेळ हुकली की पुढचे 21 दिवस चारा फुकट. साडेपाच वर्षं शिकलेला पशुवैद्यक प्रत्येक गोठ्यात त्या वेळेला पोचेल, ही अपेक्षाच चुकीची. त्यानं अडलेली गाय सोडवावी, रोगनिदान करावं. माज ओळखणं आणि द्रवरूप नायट्रोजनचं भांडं सांभाळणं यांना सरावलेला हात लागतो, आणि तो दोन वर्षांत तयार होतो.

दुसरा आक्षेप: या पदविकेत शेती आणि जनावरं एकाच अभ्यासक्रमात कशाला कोंबायची? याला उत्तर जवळच्या इंदूरनंच दिलेलं आहे. तिथल्या वनस्पती उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी बसवलेली, 1931 साली ग्रंथरूपानं मांडलेली कंपोस्टची पद्धत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेली. तिच्यात शेतातला पालापाचोळा, शेण आणि गोठ्यातली मूत्र शोषलेली माती हे सगळं एका खड्ड्यात येतं. विद्यापीठांनी विभाग पाडले. शेतकऱ्यानं ते कधीच मानले नाहीत. सोयाबीन-गव्हाच्या पट्ट्यात सोयाबीनचा भुसा गुरांना किती घालावा, हा प्रश्न कृषी खात्याचा की पशुसंवर्धनाचा?

बैल गेले, ट्रॅक्टर आले, असंही म्हणतात. खरं आहे. माळवी बैलाची गरज घटली, पण दुधाची घटलेली नाही, आणि दुभत्या जनावराला बैलापेक्षा जास्त देखभाल लागते.

पदविकेवर टीका करायचीच तर एका ठिकाणी ती रास्त ठरेल. गोठा नाही, शेत नाही, आणि तरी प्रवेश चालू आहेत, अशा संस्थांची मान्यता आधी काढा.