ङ चालतो, व्याध चालत नाही

आमच्या चिरंजीवांना आज सात आठवडे पूर्ण झाले आणि त्यांना अजून नाव नाही. म्हणजे सोन्या, गुंड्या, पिल्लू वगैरे सगळं आहे, पण जन्मदाखल्यावर नावाचा रकाना कोरा आहे. बारसं झालं, गोविंद-गोपाळ करून झालं, घुगऱ्या संपल्या. माझ्या बहिणीने त्याच्या कानात कुर्र करून जे नाव सांगितलं ते गुरुजींच्या अक्षराचं, तात्पुरतं. आमच्या भाषेत प्लेसहोल्डर.

खरं नाव मला ठेवायचंय ते 'व्याध'.

हे वाचून तुमच्यापैकी निम्म्या लोकांचा चेहरा आत्ता जसा झाला असेल तसाच आमच्या घरी सगळ्यांचा झाला. आई आधी हसली, मग मी चेष्टा करत नाहीये हे कळल्यावर गप्प झाली. बाबा म्हणाले, "अरे, जगात काय नावांचा दुष्काळ पडलाय?" सासूबाई माझ्याशी काहीच बोलल्या नाहीत, मुलीशी बोलल्या, आणि ते बोलणं दीड तास चाललं. तेव्हापासून मी हा वाद दर शनिवार-रविवारी करतोय. आज एकदाच सगळं लिहून काढतो, म्हणजे पुढच्या नातेवाईकाला नुसती लिंक पाठवता येईल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: व्याध हा रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा, इंग्रजीत सिरियस. मृग नक्षत्रात मधोमध तीन तारे एका ओळीत दिसतात, तो हरणाच्या पोटात घुसलेला बाण. ती रेघ डोळ्यांनी पुढे ओढत न्यायची, की ज्याने बाण मारला तो शिकारी सापडतो. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मला दोन विषयांत केटी लागली, त्या रात्री मी होस्टेलच्या गच्चीवर एकटा बसलो होतो. घरी फोन करायची हिंमत नव्हती. एक सीनियर पाण्याची टाकी बघायला वर आला, त्याने काही न विचारता ही रेघ मला ओढून दाखवली आणि निघून गेला. मी पहाटेपर्यंत तो तारा बघत बसलो. पुढे टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्थेचे कार्यक्रम, पहिल्या बोनसमधून घेतलेली सहा इंची दुर्बीण, अमावस्येच्या आसपासच्या शनिवारी वेल्ह्याकडे पळणं, हे सगळं त्यातून आलं. बायकोसुद्धा अशाच एका आकाशदर्शनात भेटली. तेव्हा हे नाव मी कुठल्या साइटवर 'व' अक्षरात शोधलेलं नाही.

आता गंमत ऐका. मुलाचा जन्म आर्द्रा नक्षत्रावर. गुरुजींनी पंचांग उघडलं आणि चरण काढला तिसरा. प्रत्येक नक्षत्राचे चार चरण आणि प्रत्येक चरणाला एक अक्षर ठरलेलं असतं. आर्द्रेची अक्षरं कु, घ, ङ, छ. तिसरं कुठलं? ङ!

ङ वरून नाव. बाराखडी पाठ करताना ज्याचा उच्चार आपण सगळे खाऊन टाकायचो तो ङ. मराठीत त्यावरून एक शब्द सुरू होत नाही, नाव कुठून येणार? हस्त नक्षत्राचीही हीच तऱ्हा, तिथे ण आहे. मी म्हणालो, गुरुजी, आता काय? तर ते शांतपणे म्हणाले, "ग घ्या, चालतं." म्हणजे सिस्टीममध्ये बग आहे, तो सगळ्यांना माहीत आहे, त्यावर वर्कअराउंडही आहे, आणि घरातल्या एकालाही त्याचं काही वाटलं नाही. माझे बाबा, जे वीज मंडळात पस्तीस वर्षं हिशेबातला पैसा न पैसा तपासत होते, त्यांनी मान डोलावली. नावाचा नक्षत्राशी संबंध हवा, याबद्दल घरात दुमत नाही. फक्त तो संबंध पंचांगातून यायला हवा. जो माणूस थंडीत कुडकुडत ते नक्षत्र प्रत्यक्ष बघतो, त्याने त्याच्या शेजारच्या ताऱ्याचं नाव ठेवलं की ते 'खूळ'.

बरं, ताऱ्यांची नावं आपल्याला नवीन आहेत का? एखाद्या मराठी लग्नाच्या पंगतीत नुसतं "रोहिणी" म्हणून हाक मारा, तीन जणी वळून बघतील. चित्रा, स्वाती, अनुराधा, विशाखा, रेवती, सगळी नक्षत्रं आहेत. अभिजित तर प्रत्येक वर्गात दोन असायचे, तो उत्तरेचा व्हेगा. ध्रुव चालतो. अरुंधती चालते. अगस्त्य तर आता भलताच फॅशनमध्ये आहे, तो दक्षिणेकडे खाली दिसणारा, तेजात दुसऱ्या नंबरचा. दुसरा नंबर चालतो आणि पहिला चालत नाही, हे लॉजिक मला कोणीतरी समजावून सांगा.

"अर्थ चांगला नाही," हे पहिलं उत्तर. व्याध म्हणजे शिकारी. आजी म्हणाली, "कृष्णाला बाण मारणारा व्याधच ना रे?" आजीचा मुद्दा बिनतोड आहे, मारणारा व्याधच होता. पण महाभारतातच, वनपर्वात, मिथिलेचा एक मांस विकणारा व्याध कौशिक नावाच्या तपस्वी ब्राह्मणाला धर्म म्हणजे काय ते शिकवतो. धर्मव्याधाची ती गोष्ट मला लहानपणी आजीनेच सांगितलेली. मी आठवण करून दिली तर म्हणाली, "ते खरंय, पण तो धर्मव्याध." शिवाय ऐतरेय ब्राह्मणात मृगाची जी कथा आहे, त्यात बाण मारणारा म्हणजे रुद्राचंच रूप. आणि आर्द्रा नक्षत्राची देवता कोण? रुद्रच. म्हणजे परंपरेच्याच हिशेबाने बघायचं तर ङ पेक्षा माझं नाव जास्त फिट्ट बसतं. टिळकांनी तर याच मृगाच्या आधारे वेदांचा काळ काढायचा प्रयत्न केला आणि 1893 साली त्यावर 'ओरायन' हे अख्खं पुस्तक लिहिलं. तेव्हा हे काही मी नेटफ्लिक्सवरून उचललेलं नाही.

दुसरं उत्तर मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. एक काका बारशाच्या जेवणात सहज बोलून गेले, "पारध्याचं नाव ठेवणार का पोराला?" पंगतीत चारजण हसले. तर 'अर्थ चांगला नाही' याचा खरा अर्थ हा आहे. ज्या पारध्यांना इंग्रजांनी कायदा करून जन्मजात गुन्हेगार ठरवलं, त्यांच्यावरचा शिक्का कायद्यातून 1952 साली पुसला गेला, पण आमच्या पंगतीतून पुसला गेलेला नाही. हरणामागे धावणारा राजा दुष्यंत आपल्याला चालतो, कारण तो राजा. खरं सांगतो, तोपर्यंत मी नावाबद्दल थोडा डळमळीत होतो. ते वाक्य ऐकलं आणि माझं पक्कं झालं.

असो. आता 'युनिक' नावांकडे येतो, कारण खरा राग माझा तिथे आहे.

आमच्या पिढीला युनिक नाव हवं असतं. म्हणून आपण सगळे जण त्याच चार साइटवर जातो, त्याच यादीतून निवडतो, आणि मग नर्सरीत सहा जण कियान, विवान, रेयांश, अयांश निघतात. अर्थ विचारला की एका साइटवर 'देवाची कृपा', दुसऱ्यावर 'प्राचीन राजा', तिसऱ्यावर 'सूर्याचा अंश'. आई-बापांनाही नक्की माहीत नसतं. एका मित्राला मुलाच्या नावाचा अर्थ विचारला, तर त्याने फोन काढून सर्च केलं. माझी चिडचिड नाव नवीन असण्याबद्दल नाहीच. त्या नावात त्या घरातलं काहीही नाही, याबद्दल आहे. वर आणखी एक अट असते: ऑनसाइट गेल्यावर गोऱ्यांना उच्चारता आलं पाहिजे. म्हणजे पोरगं अजून मान धरत नाही आणि आपण त्याचं नाव व्हिसाच्या रांगेत उभं केलं!

याउलट ज्यांनी आपल्या वेडातून नावं ठेवली, त्यांच्याकडे बघा. रमेश तेंडुलकर मराठीचे प्राध्यापक आणि कवी, पण सचिनदेव बर्मनचे भक्त. 1973 साली झालेल्या मुलाचं नाव त्यांनी त्यावरून ठेवलं. त्या मुलाने गाणं नाही केलं, दुसरंच काहीतरी केलं, आणि मग त्याच्यावरून देशभर लोकांनी पोरांची नावं सचिन ठेवली. सुनील गावसकरांनी तर हद्दच केली. मुलाचं नाव रोहन जयविश्व: रोहन कन्हाय, जयसिंहा आणि विश्वनाथ, तीन आवडते बॅट्समन एका नावात. तेव्हा कुणी म्हटलं असेल का, "अहो, हा काय खेळ आहे का?" (खेळच होता.) आमच्या धंद्यात यायचं तर लिनस टॉरवाल्ड्सचं नाव लिनस पॉलिंग या शास्त्रज्ञावरून आलं. उलट्या दिशेनेही झालंय. मायएसक्यूएलमधला 'माय' म्हणजे 'माझा' असं मला नोकरीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत वाटायचं. ते मायकेल विडेनियसच्या मुलीचं नाव आहे. धाकटी मारिया, म्हणून मारियाडीबी. ज्या गोष्टीत जीव आहे तिला मुलीचं नाव द्यावंसं वाटतं, तर ज्या मुलात जीव आहे त्याला त्या गोष्टीचं का नाही?

इथे एक आक्षेप मी स्वतःच घेतो, कारण तो बायकोने घेतला आणि मला रात्रभर झोप लागली नाही. "हे तुझं वेड आहे. त्याला आकाशात काडीचा रस नसला तर?" नसू दे की. ज्याचं नाव अथर्व ठेवलं तो अथर्वशीर्ष म्हणेलच असं कुठे आहे? प्रत्येक नाव आई-बापांच्या आवडीचंच असतं. ती आवड चारचौघांचीही असली की आपण तिला परंपरा म्हणतो, एकट्याची असली की विक्षिप्तपणा. मात्र एक पथ्य मी पाळीन. जिवंत माणसाचं नाव नको. करुणानिधींच्या मुलाचा जन्म 1 मार्च 1953 चा, चारच दिवसांनी रशियात स्टालिन गेला, आणि मुलाचं नाव पडलं स्टालिन. तीन वर्षांत त्या स्टालिनला त्याच्याच पक्षाने झोडपून काढलं. मुलगा 2021 साली मुख्यमंत्री झाला, म्हणजे नावाने त्याचं काही अडलं नाही, पण आयुष्यभर खुलासा करायची वेळ आलीच. माणसं बदलतात, सीरियलमधल्या राण्या शेवटच्या भागात शहरं जाळतात. व्याध 8.6 प्रकाशवर्षांवर आहे, त्याचं कुठलंही लफडं बाहेर यायची शक्यता कमी :)

उरला 'व्याधी'. हा सासूबाईंचा मुद्दा, आणि प्रामाणिकपणे सांगतो, याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एक वेलांटी लागली की आजार. शाळेतली पोरं ती वेलांटी पहिल्याच दिवशी लावणार. मी म्हणालो, "चिंतामणीमध्ये तर अख्खी चिंता आहे, तरी देवाचं नाव आहे ना?" त्या म्हणाल्या, "तुम्ही बोलण्यात ऐकणार नाही, पण चिडवतील त्याला, तुम्हाला नाही." यावर मी गप्प बसलो. माझं स्वतःचं नाव सरळसोट, तरी पाचवी ते दहावी मला लोकांनी काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पोरांना चिडवायला नाव लागत नाही, कारण लागतं, आणि ते कुठेही सापडतं. हे उत्तर मला पटतं, पण रिसेसमध्ये एकटं उभं राहायचंय ते त्याला, हे त्यांचं म्हणणंही मी खोडू शकत नाही. म्हणून एक ठरवलं. अकरावीपर्यंत थांबायचं नाही. त्याने कधीही येऊन "बाबा, नको हे नाव" म्हटलं, तर राजपत्रात नाव बदलायचा फॉर्म मी स्वतः भरणार, एक प्रश्न न विचारता. हे मी बायकोला लेखी दिलंय. ती म्हणाली ब्लॉगवरही लिही, म्हणजे साक्षीदार होतील. लिहिलं.

जन्मदाखल्यावर नाव घालायला बारा महिने फुकट मिळतात आणि नंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत मुदत असते. बाबांना हे कळल्यापासून ते "घाई काय आहे" म्हणतायत. परवा ते बाळाला घेऊन बाल्कनीत उभे होते आणि मी आत आहे हे त्यांना माहीत नव्हतं. हळूच म्हणाले, "व्याध." मग परत एकदा, जरा मोठ्याने, हाक मारल्यासारखं. बाळ जांभई देऊन झोपलं. मी काही ऐकलंच नाही असं दाखवलं.

सोमवारी अर्धा दिवस सुट्टी टाकलीय, वॉर्ड ऑफिसला जातोय. आता इंग्रजी स्पेलिंगमध्ये वाय घालायचा की आय, आणि शेवटी एच लावायचा की नाही, यावरून बायकोचं आणि माझं भांडण चालू आहे.