पत्र्याची दुपार, स्लॅबची रात्र

एप्रिल लागला की हिंगोली, वसमत, कळमनुरीकडे घरोघरी एकच विषय. पत्र्याच्या घरातले म्हणतात, दुपारी जीव नकोसा होतो. स्लॅबच्या घरातले म्हणतात, दुपार कशीबशी निघते, पण रात्री छत आग ओकते. जुन्या माळवदात राहणारी एखादी दादी मात्र निवांत असते. ऊन तर सगळ्यांवर सारखेच पडते. मग हा फरक कशाचा?

शाळेत आम्ही मुलांना हे स्वयंपाकघरातून समजावतो. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच वजनाच्या ॲल्युमिनियमला साधारण पाचवा हिस्सा पुरतो, लोखंडाला नववा, तांब्याला अकरावा. म्हणजे प्रत्येक पदार्थाची उष्णतेची भूक वेगळी. विज्ञानाच्या पुस्तकात तिला विशिष्ट उष्माधारकता म्हणतात. ज्याची भूक कमी, तो लवकर तापतो आणि लवकर निवतोही. रिकामा तवा बघता बघता चटका देतो. वजूसाठी तापवलेले हंडाभर पाणी मात्र चूल विझल्यावरही बराच वेळ कोमट राहते. हळद शिजवण्याच्या कढईचेही तसेच. जाळ विझला म्हणजे कढई निवली, असे लहान मुलांना वाटते. आतले पाणी तेव्हाही पोळण्याइतके गरम असते. मुलांना तिथून लांबच ठेवावे.

आता छताकडे येऊ. भुकेइतकेच वजनही महत्त्वाचे. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला जेमतेम 4 किलो भरतो. त्याच जागेवर चार इंची स्लॅब सुमारे 240 किलो, आणि फूटभर मातीचे माळवद पावणेपाचशे किलोच्या घरात. एक अंश तापायला पत्र्याला अर्धी किलोकॅलरीही लागत नाही. स्लॅबला 48 च्या आसपास, माळवदाला 95 च्या आसपास. शिवाय धातूतून उष्णता झटकन आरपार जाते, मातीतून सावकाश. म्हणून पत्रा दुपारी भाजतो, पण दिवस मावळताच निवतो. स्लॅब दिवसभर उष्णता पीत राहतो आणि रात्री ती आपल्या अंगावर सोडतो. माळवदात मात्र उन्हाची झळ खालपर्यंत पोचायच्या आतच रात्र होते.

मग पुन्हा माळवदे बांधावीत का? तसे आम्ही म्हणणार नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला दगडमातीच्या जाड भिंती आणि जड छतांखाली हजारो माणसे गेली. आपल्या जिल्ह्यातही 2024 च्या मार्च आणि जुलैमध्ये धक्के बसलेच. जे वजन घर गार ठेवते, तेच कोसळले तर जीव घेते. माळवद असेल तर पावसाळ्यापूर्वी तुळया, खांब जाणकाराला दाखवावेत आणि वर दरवर्षी मातीचा नवा थर चढवत बसू नये.

पत्र्याच्या घरात पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांबूचा तट्टा बांधावा. मधली हवा उष्णता सहजासहजी खाली येऊ देत नाही. तट्टा चुलीपासून लांब असावा. दुपारी बारा ते चार बाळंतीण, तान्हे मूल आणि म्हातारी माणसे शेजारच्या पक्क्या घरात किंवा झाडाच्या दाट सावलीत असावीत. स्लॅबच्या घरात उलटी काळजी: दुपारी खिडक्या-पडदे बंद, संध्याकाळी सगळे उघडे, आणि म्हाताऱ्यांची खाट रात्री छताखाली न ठेवता अंगणात किंवा ओसरीत. छत पत्र्याचे असो वा स्लॅबचे, उन्हाळ्यापूर्वी वरून पांढरा रंग किंवा चुना दिला तर बरेचसे ऊन परतते. खर्च फारसा नाही.

एवढे करूनही कुणाचे अंग सणसणून तापले, बोलणे असंबद्ध झाले किंवा शुद्ध हरपू लागली, तर त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी टाकून वारा घाला आणि लगेच 108 ला फोन करा. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

या महिन्यात घरातल्या मुलांना एक काम द्या. दुपारी दोनला, संध्याकाळी सातला आणि रात्री दहाला घराच्या प्रत्येक खोलीत थोडा वेळ बसून कोणती जागा कधी गार असते ते वहीत लिहायला सांगा. दादीची खाट कुठे घालायची, ते त्या वहीवरून ठरवता येईल.