मॅव्हरिक्सचा झेंडा कधी चढणार होता?

डॅलसकर मंडळी, आठवतोय ना 2011 चा जून? डर्क नोवित्स्कीने मायामीला लोळवून आपल्या टीमला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. त्याचा झेंडा पुढे कित्येक महिने मैदानाच्या छताला लागला नव्हता. 1 जुलै 2011 पासून एनबीएला टाळं होतं. मग एका सोमवारी खेळाडूंनी मालकांचा प्रस्ताव धुडकावला, युनियनच मोडली, पुढे कोर्टबाजी.

भांडण टक्क्यांचं होतं. उत्पन्नातला खेळाडूंचा वाटा 57 टक्के होता, मालकांना तो 50 वर आणायचा होता. म्हणे वर्षाला 30 कोटी डॉलर तोटा होत होता. होतही असेल तेव्हा. पण अवाच्या सव्वा करार केले कोणी? कोणी जबरदस्ती केली होती का? लोक सर्रास 'संप' म्हणायचे, तेही चूक. टाळं मालकांनी लावलं होतं, म्हणून माझं झुकतं माप खेळाडूंना.

पण खरा जीव तुटला तो तिकीट तपासणाऱ्यांसाठी, पॉपकॉर्न विकणाऱ्यांसाठी. मॅच नाही तर त्या दिवसाची मजुरी नाही. त्यांचा टक्का कुठल्या बैठकीत निघाला?

15 डिसेंबर 2011 पर्यंतच्या मॅचेस रद्द झाल्या होत्या. लेकाला वाढदिवसाला दिलेलं तिकीट त्यातलंच. पैसे मिळणार होते हो परत. तो रोज विचारायचा, "बाबा, आज मिटलं का?"