रविवारी शाळा, शुक्रवारी सुट्टी

रविवारी सकाळी अकराला मोबाइल वाजला की आपण उशीत तोंड खुपसून काय म्हणतो? 'आता कोण तडमडलं?' माझ्याकडे त्या वेळेला एकाच व्यक्तीचा फोन येतो. नगरच्या मावशीचा. आणि पहिलं वाक्य ठरलेलं.

"अगं, ती फोन उचलत नाहीये!"

"मावशी, ती वर्गात असेल. तिकडे रविवारी शाळा असते."

"रविवारी कसली मेली शाळा!"

मावशी स्वतः पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून रिटायर झालीय. तिला सगळं कळतं, पण पचत नाही. कारण 'ती' म्हणजे मावशीची एकुलती एक लेक, माझी मावसबहीण. वय बत्तीस, विषय गणित, मुक्काम पोस्ट मालदीवमधलं एक एवढंसं बेट. दोन वर्षांपूर्वी कॉन्ट्रॅक्टवर सही केली आणि गेली. मालदीवच्या शाळांत बाहेरून आलेले शिक्षक भरपूर, आणि त्यांत आपले भारतीय पुष्कळ. तिथे वीकेंड शुक्रवार-शनिवार. म्हणजे नगर झोपेतून उठायच्या आत रविवारी बाईसाहेब वर्गात हजर. घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे, पण आठवडा मात्र पार उलटापालटा. आमच्या दोन कॅलेंडरांत मिळून एकच लाल दिवस कॉमन. शनिवार.

आता मालदीव म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय आलं ते मला पक्कं माहितीये. निळंशार पाणी, पाण्यावरची कॉटेज, हनिमूनचं पॅकेज. माझ्याही ऑफिसात सगळे "वॉव, लकी यार!" म्हणाले होते. प्रत्यक्षात तिच्या बेटावर रिसॉर्ट नाही. वाळूचे रस्ते, एक शाळा, एक मशीद, दोन-तीन दुकानं. भाजी बोटीने येते. बोट आली नाही तर बटाटा-कांदा झिंदाबाद. आणि आपली ही मुलगी शाकाहारी! नाश्त्याला तिथे मासहुनी खातात. ट्यूना मासा, ओलं खोबरं, कांदा आणि रोशी. ही त्यातली रोशी तेवढी उचलते. रोशी म्हणजे जवळपास आपली पोळीच. पहिल्या महिन्यात तिने मला मेसेज केला होता, 'ताई, समुद्र रोज बघून बघून कंटाळा येतो हे मी कुणाला सांगू?'

पुढे हळूहळू सूर बदलला. त्यांची दिवेही भाषा लिहितात उजवीकडून डावीकडे, पण ती आपल्या मराठीच्याच मोठ्या कुटुंबातली. पाण्याला 'फेन' म्हणतात. एक ते दहा आकडे मोजले की कानाला लांबच्या नातेवाइकासारखे वाटतात. गणिताच्या बाईला आणखी काय हवं! मुलं सुरुवातीला तिच्या इंग्रजीला हसायची, नंतर ही त्यांच्याकडून दिवेहीत आकडे शिकायला लागली, तेव्हा हसणं थांबलं आणि शिकवणं सुरू झालं.

पण खरी गंमत झाली ती एका शुक्रवारी. दुपारच्या नमाजानंतर बेट अगदी सामसूम असतं. ही खोलीत एकटीच. दारावर थाप. एका विद्यार्थिनीची आई, तीन मुलं आणि मोठा डबा. 'मिस, चला, पिकनिक.' धोणीत बसायचं (धोणी म्हणजे तिथली होडी, आपला क्रिकेटवाला नव्हे!), बाजूच्या निर्मनुष्य बेटावर जायचं, अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात डुंबायचं आणि संध्याकाळी परत यायचं. बाईंसाठी मुद्दाम बिनमाशाचा भात आणलेला. त्या रात्री तिने फोन केला तेव्हा पहिल्यांदाच 'इथे' हा शब्द तक्रारीशिवाय उच्चारला.

मला वाटतं, परक्या गावात नोकरी आपण सोमवार ते शुक्रवार करतो, किंवा रविवार ते गुरुवार म्हणा. पण राहायला शिकतो ते सुट्टीच्या दिवशी. कुणीतरी येऊन 'चला' म्हणतं तेव्हा.

तर झालं असं, की कॉन्ट्रॅक्ट संपत आलं. पुढे वाढवायचं की परत यायचं, हे तिला रविवारी मुख्याध्यापकांना सांगायचं होतं. आणि मावशीने मला फर्मान काढलं. "तू ये. आपण दोघी मिळून तिला समजावू. तुझं ऐकते ती." म्हणजे मी वकील, आणि पक्षकार कोण ते आधीच ठरलेलं.

शनिवारी पहाटे पुणं सोडलं. वाघोलीच्या ट्रॅफिकला नेहमीचा नैवेद्य दाखवला, रांजणगावला गणपतीपुढे हात जोडले, सुप्याच्या अलीकडे-पलीकडे टेकड्यांवरच्या पवनचक्क्या मोजल्या आणि नाश्त्याला मावशीकडे टेकले. आता कागदोपत्री शहराचं नाव अहिल्यानगर आहे, २०२४ पासून. मावशी 'नगर'च म्हणते, आणि तिच्यापुढे बोलायची माझी टाप नाही. हुलग्याची शेंगोळी हाणून झाल्यावर मी म्हटलं, "तिला फोन दुपारी करू. आधी तू मला फिरव. मी इतक्या वेळा येते आणि तुझ्या स्वयंपाकघरापलीकडे काही बघितलेलंच नाही."

गाडी काढली आणि आधी डोंगरगणला गेलो. शहराच्या उत्तरेला वांबोरीच्या वाटेवर, साधारण १८ किलोमीटर. दरीत रामेश्वराचं देऊळ, पाण्याची कुंडं, गर्द झाडी, वर मांजरसुंब्याचा गड. पावसाळ्यात धबधबाही असतो. नगरच्या कोरड्या माळावर अशी जागा असेल यावर विश्वासच बसत नाही. इंग्रजांनी हिला 'हॅपी व्हॅली' म्हटलं. ब्रिटिश अमदानीत नगरच्या छावणीतल्या साहेबलोकांची ही हक्काची सहलीची जागा.

"साहेबलोक काय, चार वर्षं राहून जायचे," मावशी पायरीवर बसत म्हणाली. "पण इथे शिकवायला आलेली एक बाई गेलीच नाही. फॅरार मॅडम. तीन जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला मी शाळेत भाषण करायचे ना, त्यात तिच्यावर एक वाक्य असायचं. 'सावित्रीबाईंनी नगरला मिस फॅरार यांच्याकडे अध्यापनाचं प्रशिक्षण घेतलं.' बस, एवढंच. पुढे टाळ्या."

सिंथिया फॅरार! मी नाव ऐकलं होतं, पण तेवढंच. मग तिथेच पायरीवर बसून मावशीने आणि मी मोबाइल आणि आठवण असं दोन्ही चाळून तिची गोष्ट जुळवली.

जन्म १७९५चा, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधला. १८२७च्या जूनमध्ये तिने बॉस्टनहून जहाज पकडलं आणि मुंबईला पोचली डिसेंबर संपता संपता. सुएझचा कालवा तेव्हा नव्हताच, तो १८६९चा. म्हणजे आफ्रिकेला अख्खा वळसा. आमचं पात्र मुंबईहून मालेला तीन तासांच्या आत पोचलं होतं आणि तरी एअरपोर्टवर मावशी दोन तास रडत होती.

फॅरार तेव्हा किती वर्षांची? बत्तीस. लग्न झालेलं नव्हतं. एकट्या, अविवाहित बाईला मिशनने समुद्रापार शिकवायला धाडणं ही त्या काळात अमेरिकेतसुद्धा नवलाची गोष्ट. काम काय, तर मुलींच्या शाळा. भाषा मराठी, म्हणजे आधी स्वतः शिकायची. आणि वातावरण असं, की मुलीने अक्षर गिरवलं तर घरावर काय संकट येईल याची लोकांना खरोखर धास्ती. त्यातून ही मिशनरी. धर्मप्रसार हा हेतू होताच, त्यामुळे पालकांची भीती दुप्पट.

दहा वर्षं मुंबईत काढली. १८३७ मध्ये तब्येत ढासळली आणि ती मायदेशी परतली. इथे मावशीने मला थांबवलं.

"परत गेली होती? मग?"

"मग १८३९ मध्ये पुन्हा आली. या वेळी थेट नगरला."

मावशी काही बोलली नाही. मला मात्र त्या दोन वर्षांनी पकडून ठेवलं. पहिल्यांदा जाताना माणूस स्वप्नात असतो. दुसऱ्यांदा जातो तेव्हा त्याला उन्हाळा माहीत असतो, ताप माहीत असतो, घरच्यांची आठवण किती छळते तेही माहीत असतं. सगळं ठाऊक असून पुन्हा तेवढाच लांबचा प्रवास! आणि त्या वेळी नगरला रेल्वेही नव्हती. मुंबई-ठाणे गाडी धावली १८५३ मध्ये, नगरला रूळ आले १८७८ मध्ये. मुंबईहून घाट चढून बैलगाडीने यायचं. घरच्या पत्राचं उत्तर यायला महिनेच्या महिने.

वीकेंडचं काय? मिशनरी बाईला रविवार म्हणजे प्रार्थना. आपल्याकडे रविवारची सुट्टी हा सर्वांचा हक्क नव्हताच तेव्हा. मुंबईच्या गिरणी कामगारांना ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे मिळाली, १८९० मध्ये. मिशनच्या लोकांची चैन म्हणजे उन्हाळ्यात, जमलंच तर, महाबळेश्वर.

आणि या सगळ्यातून निघालं काय? जोतीराव फुले नगरला आले, त्यांनी फॅरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या, आणि पुण्याला जाऊन १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली. पुढचं तुम्हाला माहीत आहे. फॅरार मात्र नगरलाच राहिली. १८६२ मध्ये वारली तीही इथेच. भारतात येऊन चौतीस वर्षं झाली होती, त्यातली शेवटची जवळपास तेवीस नगरची. म्हणजे जन्मगावापेक्षा जास्त नसेल, पण मुंबईपेक्षा दुपटीहून जास्त.

दुपारी चांदबिबी महालावर चढलो. पाथर्डी रस्त्याने शहरापासून तेरा-एक किलोमीटर, शहाडोंगरावर. अष्टकोनी, तीन मजली दगडी वास्तू, आणि वारा असा की ओढणी सांभाळता सांभाळता नाकी नऊ. नाव चांदबिबीचं, पण कबर आहे सलाबतखानाची, निजामशाहीतल्या वजिराची. इंग्रजांच्या काळात गोऱ्या सैनिकांना हवापालटासाठी इथे आणून ठेवत. कमानीत उभं राहिलं की खाली सगळं नगर पसरलेलं दिसतं.

"बघ," मावशी म्हणाली, "झोपलाय एक आणि नाव दुसरीचं. फॅरारबाईचं तसंच. माझ्या भाषणात एक वाक्य!" मग थोडं थांबून, "तिच्या आईने कसं गं पाठवलं असेल?"

नेमका तेव्हाच व्हिडिओ कॉल आला. स्क्रीनवर एक धोणी, मागे लाटा, आणि केस विस्कटलेली आमची बाई. शनिवार होता ना! तिच्या मागे पाच-सहा पोरं नाचत होती. वाऱ्यामुळे दोन्हीकडे काही ऐकू येईना. मी कमानीच्या आत सरकले आणि फोन मावशीच्या हातात दिला. माझी वकिली सुरू व्हायची होती. पण मावशीने विचारलं ते भलतंच.

"दहावीला किती पोरं आहेत तुझी?"

"चौदा, आई."

"सगळी पास होतील गणितात?"

पलीकडे क्षणभर शांतता. "बारा होतील. दोन मुलींचं काही खरं नाही. जमतंय आता त्यांना, पण अजून वेळ हवा."

मावशी पस्तीस वर्षं ज्या आवाजात वर्ग सांभाळायची, त्या आवाजात म्हणाली, "मग त्या दोघींना अर्ध्यावर सोडून कुठे निघालीस?"

मी बघतच राहिले. सकाळी मला बोलावून घेणारी ती हीच का? फोन ठेवल्यावर ती बराच वेळ पाठमोरी उभी होती. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतं म्हणे, तिथे वरती. मी काही विचारलं नाही. खाली उतरताना म्हणाली, "दिवाळीला मात्र यायला हवं. एवढं तिने लिहून द्यावं." आणि मग अगदी सहज, "मला पासपोर्ट काढायला किती दिवस लागतील गं?"

तर मंडळी, एखाद्या शनिवारी नगरला जाऊन याच. पुण्याहून साधारण १२० किलोमीटर, पहाटे निघालात तर एका दिवसात डोंगरगण आणि चांदबिबी महाल दोन्ही आरामात होतं. पाण्याची बाटली आणि टोपी विसरू नका. शहरात क्लेरा ब्रूस या नावाची मुलींची शाळा दिसेल, तेही अमेरिकन नाव. तिथून जाताना, लांबून इथे शिकवायला आलेल्या आणि इथून लांब शिकवायला गेलेल्या सगळ्या बायकांना मनातल्या मनात 'गुड मॉर्निंग, बाई' म्हणा. परदेशात कुणी आपली मैत्रीण शिकवत असेल, तर तिला एवढंच विचारा, की तुला 'चला' म्हणणारं कुणी भेटलं का?

दुसऱ्या दिवशी रविवार. मी पुण्यात, उशीत तोंड. बरोब्बर अकराला मोबाइल वाजला.

"मावशी, ती वर्गात आहे!"

"माहितीये मला," मावशी म्हणाली. "म्हणून तर तुला केला."